तळव्यांखालचा कापूस

कापडगल्लीच्या तोंडाशी मागून कुणीतरी हाक मारली, "ओ ओवरसियरसाब! चप्पल!" तेव्हा अमृतरावांना वाटलं, हाक दुसऱ्याच कुणासाठी आहे. ते आणखी थोडं पुढे गेले. मग हसण्याचा आवाज आला, बायकांचा, आणि त्यांनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता, पांढऱ्या धुळीने माखलेला. त्याच्या अंगठ्याला कापसाचा एक पुंजका चिकटला होता आणि टाचेखाली खडीचा तुकडा होता. तुकडा चांगला धारदार होता. तो टाचेखाली आहे हे त्यांना डोळ्यांनी कळलं, टाचेने नाही. चप्पल बरीच मागे, रस्त्याच्या मधोमध, अंगठा वर करून पडली होती, आणि जिनिंगकडे निघालेली कापसाची गाडी तिला वळसा घालून जात होती. केळीवाल्या वसरामने ती उचलून आणली, फडक्याने झटकली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. "पायातून निसटली का टाकून दिली, साब? आमी म्हणलं, साहेब नवी घ्यायला चालले, जुनीला इथंच सोडून राहिले." अमृतराव हसले. हसणं भाग होतं. त्यांनी पाय चपलेत सरकवला आणि अंगठा पट्ट्यात गेला की नाही हे वाकून पाहिलं, कारण दुसरा उपाय नव्हता.

एवढंच घडलं होतं. माणसाची चप्पल निसटते. त्यात गल्लीने थांबून पाहावं असं काही नसतं. पण घराकडे चालताना त्यांची नजर सारखी पायांकडे जात होती, आणि पायांकडे पाहत चालणारा माणूस फार लवकर थकतो. गेल्या पावसाळ्यापासून तळव्यांखाली काहीतरी मऊ येऊन बसलं होतं. सकाळी अंथरुणातून उठून फरशीवर पाय ठेवला की ती फरशी नसायची, पिंजलेल्या कापसाची गादी असायची, आणि तिच्यावर उभं राहताना तोल सावरायला भिंतीला हात लावावा लागायचा. सुरुवातीला मुंग्या यायच्या. आता मुंग्याही येईनाशा झाल्या होत्या. हा बदल बरा की वाईट, यावर त्यांनी बरेच दिवस पद्धतशीर विचार केला होता आणि तो बरा असावा असं ठरवलं होतं. बोटांचंही तसंच. सदऱ्याची गुंडी लावताना ती काजात गेली का, हे आरशात पाहावं लागे. जिभेवरचा खरखरीतपणा गेला होता. ती कशी गुळगुळीत, लाल, सोलल्यासारखी झाली होती, आणि मिठाची चव तिच्यापर्यंत उशिरा पोहोचत होती, शेवटच्या गाडीने आलेल्या पाहुण्यासारखी. हे सगळं चाललं असतं. अंग झिजतं, हे त्यांना मान्य होतं. लोखंड झिजतं, दगड झिजतो. पण डोकं झिजू लागलं होतं, आणि डोक्यावाचून अमृतरावांजवळ दुसरं काही नव्हतं.

गावी, साखऱ्याला, त्यांच्या वडिलांच्या, नरसिंगच्या, नावावर वीतभर जमीन नव्हती. गोठ्यात एक बैल नव्हता. पोरगं चौथीत पहिलं आलं तेव्हा नरसिंगने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवून दिला, एखाद्या वस्तूचं वजन करावं तसा. ते वजन अमृतरावांना अजून आठवतं. पुढे औरंगाबादच्या तंत्रनिकेतनात, वसतिगृहाच्या लांबलचक बाकांवर बसून पोटभर गव्हाची पोळी आणि डाळ खाताना, आपलं डोकं भरत चाललं आहे असं त्यांना शब्दशः वाटे. जणू अन्न पोटात न थांबता वरच चढत होतं. लॉगॅरिथमचं कोष्टक न पाहता सांगणारा मुलगा म्हणून प्राध्यापक त्यांना उभं करत. बाहत्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर मजुरांच्या लेकरांना सुकडी वाटली जायची, तेव्हा एक तरुण डॉक्टर येऊन सगळ्या ओवरसियरना समजावून गेला होता की लहानपणी पोट रिकामं राहिलं तर मेंदू पुरता वाढत नाही. ही सुकडी म्हणजे नुसतं खाणं नव्हे, ह्या लेकरांची बुद्धी आहे. अमृतराव त्या पिंपाजवळ उभे राहून मापाने सुकडी वाटत असत. ओंजळी पुढे येत. बुद्धी अशी मापाने वाटता येते, ह्या कल्पनेने त्यांना तेव्हा एक विलक्षण गंभीर समाधान मिळालं होतं. आपण त्या पिंपाच्या अलीकडच्या बाजूला आहोत, हेही त्या समाधानात होतं.

घराच्या ओट्यावर पुनमचंदशेठ बसले होते. घर त्यांचं, पुढचा भाग त्यांचा, मागच्या दोन खोल्या अमृतरावांच्या. "आइये ओवरसियरसाब," शेठ म्हणाले, "चेहरा उतरलाय आज. बदाम चालू आहेत ना?"

"चालू आहेत."

"रात को भिगोके, सकाळी साल काढून? साल ठेवली तर गरमी करते. आणि ब्राह्मीचं तेल टाळूवर, चोळायचं नाही, नुसतं जिरू द्यायचं. दिमाग का काम है आपका. आमचं काय, गजाने कापड मोजायचं. मी तर मुलांना सांगतो, ओवरसियरसाबकडे बघा. सात्त्विक अन्न, म्हणून डोकं असं बराबर चालतं."

"बरं," अमृतराव म्हणाले आणि बोळातून मागे गेले.

शेठ मनाने चांगला माणूस होता. खोल्या भाड्याने द्यायच्या वेळी, सतरा-अठरा वर्षांपूर्वी, गावात दुसऱ्या कुणी ओवरसियरला जागा दिली नव्हती. आडनाव विचारून झालं की प्रत्येकाची जागा नुकतीच दिली गेलेली असायची. पुनमचंदशेठने आडनाव ऐकलं, पान चघळत थोडा वेळ आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला बाकी काही विचारायचं नाही. आप सरकारी आदमी. फक्त चुलीवर काय शिजतं तेवढं. मागची खिडकी आमच्या चौकात उघडते. माँजी तिथं माळ ओढत बसते." अमृतराव तेव्हा नुकते नोकरीला लागलेले, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. "आम्ही घेत नाही," ते म्हणाले होते. ते वाक्य तोंडातून निघालं त्या क्षणी खोटं होतं. घरात पाऊल टाकेपर्यंत ते खरं करून टाकायचं त्यांनी ठरवलं. आणि त्यांनी जे ठरवलं ते पुरं केलं. मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही. घरात नाही, बाहेर नाही, लग्नात नाही, साखऱ्याला गेलं तरी नाही. लोक पंगतीत आग्रह करत तेव्हा ते पानावर हात आडवा धरून शांतपणे म्हणत, "आम्ही शाकाहारी." पुढे पुढे त्यात एक लय आली, अभिमान आला. कांदा-लसणाची फोडणी असली तरी संध्याकाळी खिडकी ते स्वतः लावत. लोखंडी कडी खाचेत बसली की टक् असा आवाज होई, आणि तो आवाज ऐकला की दिवस नीट संपल्यासारखं वाटे. माय एकदा राहायला आली होती. दोन दिवस ती भिंतीला टेकून बसली. तिसऱ्या दिवशी गाठोडं बांधून म्हणाली, "जाते बाबा. तुझ्या घरात कशाचा वासच न्हाई रे. मानसं राहत्यात का इथं?"

त्यांच्या खोलीतल्या फळीवर बाटल्या होत्या. ब्राह्मीचं तेल, शंखपुष्पीचं सरबत, आणि मधोमध, काळसर लाल, सगळ्यात उंच, ते टॉनिक. वर छापलेलं डोकं, डोक्यातून निघणारी किरणं, आणि खाली 'स्मरणशक्ती, रक्तवृद्धी व उत्साह यांसाठी'. गेल्या वर्षी फिकटपणा आला, धाप लागू लागली, तेव्हा नांदेडच्या एका दुकानदाराने ते दिलं होतं. त्याने खरंच गालांवर रंग आला. धाप कमी झाली. म्हणून अमृतरावांनी ते वाढवलं, सकाळचं एक झाकण होतं त्याची सकाळ-संध्याकाळ दोन-दोन झाली, कारण रंग आला तसं डोकंही येईल हे तर्काला धरून होतं. पण डोकं आलं नाही.

सेनगाव रस्त्यावरच्या मोरीवर, रस्त्याखालच्या छोट्या पुलाच्या कामावर, ते पहिल्यांदा उघड झालं. भिंत वर येत होती. मिस्त्री बाबूसिंग, तांड्यावरचा, अमृतरावांच्या हाताखाली कितीतरी मोऱ्या बांधलेला, थापी घेऊन उभा होता. भिंत डोळ्यांना किंचित कललेली वाटली आणि अमृतरावांनी हात पुढे करून म्हटलं, "जरा तो दे," आणि शब्द आला नाही. वस्तू डोळ्यांसमोर होती. पितळी, निमुळती, दोरीला लोंबणारी. दोरीचा पीळ दिसत होता, वरचा लाकडी तुकडा दिसत होता. पहिल्या वर्षाला कार्यशाळेत तिच्या टोकाकडे पाहत उभे असलेले आपले स्वतःचे पाय दिसत होते. फक्त नाव नव्हतं. नावाच्या जागी एक स्वच्छ, सारवलेली, रिकामी जागा होती. त्यांचा हात हवेत वरखाली झाला, काहीतरी लोंबतं आहे असं दाखवत. बाबूसिंगने गोंधळून आधी पाण्याची बादली पुढे केली. "पानी पाहिजे का, साहेब?" आणि मग उपअभियंत्यांबरोबर आलेला नवा पोरसवदा इंजिनियर अगदी हळू, अगदी प्रेमाने म्हणाला, "ओळंबा का, साहेब?" त्या प्रेमाने अमृतरावांच्या मानेवरून घाम उतरला. चूक कुणी मोठ्याने दाखवली असती तर ती तेवढ्यापुरती राहिली असती.

परतताना जीपमध्ये उपअभियंता म्हणाले, "अमृतराव, तुम्ही आता टेबलावर या ना. फील्डची दगदग कशाला? डोक्यालाही किती ताण द्यायचा माणसाने. आणि तुमच्या लोकांना सरकारने सोयी दिल्या आहेत, तर त्या घ्याव्यात. काम काय, कुणीही करतं." बोलणं संपल्यावर त्यांनी लवंग पुढे केली. अमृतरावांनी ती घेतली. ती तिखट लागली नाही. बाहेर तुरीची शेतं मागे पळत होती. त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: ह्या माणसांना जे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ते मी खरं करून देतो आहे. त्यांनी वाट पाहिली. ते कधी बोलले नाहीत. माझ्या आकड्यांत त्यांना कधी खोट सापडली नाही, म्हणून ते नुसते थांबले. आता माझं डोकं आपणहून त्यांच्या टेबलावर जाऊन बसणार, आणि ते म्हणतील, बघा. एका माणसाचं डोकं गेलं असं कुणी म्हणणार नाही. दुसऱ्या कुणाचं गेलं तर तसं म्हणतात.

वरिष्ठ साहेब मोरी पाहायला येणार होते. उभं राहून सगळ्या पातळ्या, सगळी मापं तोंडाने सांगायची, हा अमृतरावांचा शिरस्ता होता. खात्यात तो प्रसिद्ध होता. टेबल की फील्ड, ते त्या दिवशी ठरणार होतं. म्हणून ते पहाटे उठून मापं पाठ करत. पाठ होत. दुपारपर्यंत गळून जात, भिजलेल्या भिंतीवरचा चुना गळावा तशी.

चप्पल निसटली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते धान्याच्या मोंढ्याजवळच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर लष्करातून निवृत्त होऊन आलेले, बोलायला तुसडे, हाताला सावकाश. त्यांनी जीभ पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. डोळे मिटल्याबरोबर अमृतरावांच्या खालची जमीन निघून गेली आणि डॉक्टरांनी खांदा धरला. मग खणातून त्यांनी एक नादकाटा काढला. अमृतरावांना तो पाहून ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तो टेबलावर आपटून कानाशी धरत. डॉक्टरांनी तो तळहातावर आपटला आणि त्याचा बुंधा घोट्याच्या हाडावर टेकवला.

"काय जाणवतं?"

"गार लागतो."

"थरथर?"

अमृतरावांनी खाली पाहिलं. काट्याच्या दोन्ही भुजा धूसर झाल्या होत्या, म्हणजे त्या कापत होत्या, म्हणजे कंपन बुंध्यातून हाडात उतरत होतं. उतरल्यावाचून ते राहूच शकत नव्हतं. हाड गप्प होतं. डॉक्टरांनी गुडघ्यावर काटा ठेवला. तिथे कुठेतरी फार लांब, भिंतीपलीकडे कुणी दळत असल्यासारखं, काहीतरी होतं.

"काय घेता सध्या?"

अमृतरावांनी खिशातून टॉनिकचं वेष्टण काढून दिलं. विचारतील म्हणून त्यांनी ते आणलंच होतं. डॉक्टरांनी ते भिंगाखाली धरलं, बराच वेळ वाचलं आणि टेबलावर ठेवून त्यावर पेपरवेट ठेवला, जणू ते उठून जाईल. "हे आजपासून बंद. ह्यात फॉलिक आहे. ह्याने रक्त सुधारतं. रक्त सुधारलं म्हणून तुम्हाला वाटलं, बरा होतोय. तुमच्या रक्तात जे कमी आहे त्यावर ह्याने रंग मारला, आणि आत मज्जातंतूंचं आवरण झिजत राहिलं. वायरवरचं रबर जातं ना, तसं. तुम्ही इंजिनियर आहात, तुम्हाला कळेल."

"डोकंही?"

"डोकं काय वेगळ्या मालाचं केलंय? विसर पडतो?"

अमृतरावांनी मान डोलावली. ओळंबा, असं ते मनात म्हणाले, अजून आहे का ते पाहायला. होता.

"दूध किती?"

"पचत नाही. लहानपणी कधी मिळालं नाही, नंतर सोसेना. चहाही कोराच."

"अंडी? मटण? काळीज?"

"आम्ही शाकाहारी."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पिढीजात?"

पंख्याची सावली टेबलावरून फिरत होती. दाराशी बसलेली एक बाई लेकराला थोपटत होती. अमृतरावांना साखऱ्याच्या घरातली जर्मनची परात दिसली, परातीभोवती बसलेली सगळी भावंडं, आणि माय, जी काळजाचा एक तुकडा बोटांनी बाजूला सारून त्यांच्या पुढ्यात ढकलायची. "खाय. डोस्कं चालतं त्यानं." अर्थात माय गुळाच्या खड्यालाही हेच म्हणायची आणि अंबाडीच्या भाजीलाही, घरात जे काही असेल त्याने डोकं चालायचं, आणि काहीच नसेल त्या दिवशी ती म्हणायची, लवकर झोप, झोपेनं डोस्कं चालतं. तेव्हा तिच्या बोलण्याला शास्त्र म्हणता येत नव्हतं.

"हो," अमृतराव म्हणाले. "पिढीजात."

"मग धर्म बुडवा म्हणत नाही. बी-ट्वेल्वची सुई घ्यावी लागेल, लाल असते. आज एक आहे माझ्याजवळ, ती देतो. बाकीच्या नांदेडहून मागवतो, येतील तेव्हा येतील. एरवी मी सांगितलं असतं, काळीज खा, अंडी खा, आजपासून. ज्याच्या घरी चालतं त्याला ह्या रोगाचं फारसं भय नसतं. म्हणून तर मला नवल वाटलं." सुई भरताना ते पुढे काय म्हणाले ते अमृतरावांनी कान देऊन ऐकलं. "किती परत येईल, सांगता यायचं नाही. डोकं बहुतेक येईल. पायांचं पाहू. वर्षभर आधी यायला हवं होतं. ते टॉनिक घेत बसलात."

सुईतलं पाणी खरोखरच लाल होतं, सुंदर, माणकासारखं. ते दंडात गेलं तेव्हा थोडं दुखलं, आणि दुखलं म्हणून अमृतरावांना बरं वाटलं.

घरी जाताना ते सावकाश चालले. रस्ताभर कापसाच्या गाड्यांमधून गळलेले पुंजके धुळीत पडले होते आणि त्यांच्यावरून चालणं व नुसत्या रस्त्यावरून चालणं यांत त्यांच्यापुरता काहीच फरक नव्हता. त्यांना राग आला नव्हता. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. त्यांना एवढंच दिसत होतं की एक वाक्य होतं, ओट्यावर उभं राहून म्हटलेलं, आणि ते वाक्य सतरा-अठरा वर्षं रोज थोडं थोडं त्यांना खात होतं, पायांकडून वर. खोल्या टिकल्या. पोरगं ह्या गल्लीतून शाळेत गेलं, आता औरंगाबादला कॉलेजात होतं. शेठच्या माँजीने मरताना त्यांना जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला होता. हे सगळं काहीच नव्हतं असं म्हणता येत नव्हतं. आणि डॉक्टरांपुढे, नादकाटा हाडावर असताना, ते वाक्य पुन्हा तोंडातून आलंच होतं. ह्या वेळी कुणी भाड्याची जागा देत नव्हतं तरी.

घरात बायको, जनकाबाई, तांदूळ निवडत होत्या. अमृतरावांनी भिंतीला पाठ लावून सगळं सांगितलं. घरात ते बोलत तशा पुस्तकी, नीट बांधलेल्या वाक्यांत, कारण नोकरी लागल्यापासून त्यांनी घरातही गावचं बोलणं सोडलं होतं. फॉलिक सांगितलं, आवरण सांगितलं, काळीज सांगितलं. पिढीजात, हे मात्र गाळलं. शेवटी म्हणाले, "मला तुझी काळजी वाटते. एवढी वर्षं तूही तेच जेवलीस. तुझ्याही पायांना मुंग्या येत असतील. उद्या डॉक्टरांना दाखवू."

जनकाबाईंचा हात सुपात थांबला. "मला काही होत न्हाई."

"तुला कळत नसेल. मलाही कळलं नाही. जेवण एकच, तर..."

"एक कुठलं?" जनकाबाई म्हणाल्या. सुपातून एक खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला. "मी वन्संकडं खाऊन येते."

पंचफुला, अमृतरावांची थोरली बहीण, कयाधू नदीच्या पलीकडे राहायची. दर मंगळवारी, बाजार करून, जनकाबाई तिच्याकडे जात. विहारात वंदना असते, असं अमृतरावांना ठाऊक होतं.

"म्हणजे कधी?"

"मंगळवारी. पुनवेला. वन्सं माझा वाटा काढूनच ठिवतात."

"कधीपासून?"

"अवं, पयल्यापासून. इथं आलो त्याच्या दुसऱ्याच महिन्यात माझा जीव कासावीस झाला. वन्सं म्हणल्या, काहून रडून राहिली गं, बस, जेव. हात धू, तोंड धू, लवंग चाव, मंग जाय घरला. ते लवंग चावायचंबी त्यायनीच शिकवलं."

अमृतरावांना बाजारातून परतलेल्या बायकोबरोबर घरात येणारा लवंगेचा वास आठवला. मंगळवारचा वास. तो त्यांना आवडायचा.

"आणि पोरगं?"

"त्यालाबी नेत व्हते की. न्हाई तर वाढलं असतं का एवढं?" मग तिला हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं, कारण नवऱ्याचा चेहरा तिने पाहिला. "लेकरू एकदा शेठाईनीला सांगतच व्हतं, आत्याकडं काय खाल्लं ते. मी म्हणलं, भोपळा. भोपळा खाल्ला त्यानं."

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तुमी एवढ्या मानानं सांगत फिरत व्हता लोकायला. पंगतीत हात आडवा धरायचे तवा मी बघत व्हते तुमच्याकडं. असं वाटायचं, साधू हाय कुणी. तो मान मी काहून मोडू?" सुपातले तांदूळ सारखे करत ती म्हणाली, "वन्संनी कितींदा म्हणलं, डब्यात देते त्याच्यासाठी. मीच न्हाई म्हणलं. म्हणलं, त्यायनी मनापासून सोडलं."

मनापासून. अमृतराव त्या शब्दाकडे पाहत राहिले. सगळे तिकडे बसलेले त्यांना दिसले: पंचफुला, तिची सून, जनकाबाई, पोरगं, परातीभोवती, मंगळवार मागून मंगळवार, हसत, बोटं चाटत, आणि नदीच्या अलीकडे, ह्या खोलीत, फोडणीचा वास जाऊ नये म्हणून कडी लावून बसलेले ते एकटे. कायदा सगळ्यांसाठी म्हणून त्यांनी केला होता आणि पाळणारा एकच निघाला. त्यांना अपमान वाटायला हवा होता. त्याऐवजी, कितीतरी खोलवर, एका प्रकारची विश्रांती वाटली: निदान ती तरी शाबूत आहे. निदान पोराचं डोकं भरतं आहे. मग ती विश्रांतीही थकून गेली.

जनकाबाई उठल्या. पदर खोचला, पिशवी घेतली. "येते," एवढंच म्हणाल्या. अमृतरावांनी कुठे म्हणून विचारलं नाही. ते फळीजवळ गेले, टॉनिकची बाटली उचलली आणि न्हाणीच्या मोरीत ओतली. लाल ओघळ बराच वेळ वाहत होता. मग ते मापं आठवत बसले. पायाची रुंदी, तळाची पातळी. काही आली, काही आली नाहीत.

ती परतली तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. पिशवीतून तिने पळसाच्या पानांत बांधलेला पुडा काढला आणि पाटाखाली ठेवलेली विळी ओढली. पुडा सोडताना पानं करकरली. आत काळसर, ओलं, चकाकणारं काळीज होतं. "बकऱ्याचं हाय. वन्संच्या पोरानं धावत जाऊन आणलं. त्या रडत व्हत्या. म्हणल्या, इथंच घेऊन ये त्याला, मी घालते खाऊ. मी म्हणलं, न्हाई. नदी वलांडून काहून जायचं त्यायनी, चोरावानी? त्यायच्या घरात खातील."

"जनका, शेठ..."

"शेठ ओट्यावर हाय. मला ठावं हाय." तिने स्टोव्हला पंप मारला. स्टोव्ह पेटला आणि त्याच्या घरघरीने खोली भरून गेली. "काढलं तर काढलं. जागा दुसरी मिळंल. हे," आणि तिने तिखटाच्या हाताने, न शिवता, त्यांच्या कपाळाच्या दिशेने बोट केलं, "दुसरं कुठं मिळतं?"

तेल तापलं. लसूण पडला, आणि त्यामागून ते. वास उठला, म्हणजे उठला असणार, कारण जनकाबाईंनी चेहरा फिरवला आणि डोळे पुसले. अमृतरावांच्या नाकाशी तो उशिरा आला, अर्धाच, आणि त्याच्यामागे साखऱ्याचं अंगण, मायचे राखेने भरलेले हात, नरसिंगच्या तळहाताचं वजन, हे सगळं येऊ पाहत होतं, दारात अडखळत होतं. ते उठले. आपण का उठलो हे त्यांना खिडकीशी पोहोचल्यावर कळलं. एवढ्या वर्षांचे पाय होते. त्यांना ह्या वेळी कुठे जायचं ते सांगावं लागत नव्हतं. पलीकडे चौकात तिन्हीसांजेचा निळसर उजेड होता आणि माँजीचा रिकामा पाट भिंतीला उभा केलेला होता. त्यांनी झडप ओढली. कडी हातात घेतली, म्हणजे हात कडीवर गेलेला त्यांनी पाहिला. खाचेच्या दिशेने ती ढकलली. बोटांनी काहीच कळवलं नाही. टक् झालं असेल तर ते स्टोव्हच्या आवाजात बुडालं होतं. झडपेच्या कडेला अंधार होता. वाकून, बोटाने चाचपून, डोळा लावून पाहता आलं असतं.  ते परत येऊन ताटावर बसले.

जनकाबाईंनी भाकरी वाढली, शेजारी काळीज. पहिल्या घासाला फक्त ऊन लागलं. दुसऱ्याला थोडं तिखट. चव कुठेतरी वाटेवर होती. ती आज येईल असा त्यांचा आग्रह नव्हता. ते चावत राहिले, सावकाश, एकेक घास पुरता बारीक करत.

जनकाबाईंनी स्टोव्ह बंद केला. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत पलीकडे चौकात पुनमचंदशेठ खाकरल्याचा आवाज अगदी जवळून आला. वहाणा दोन-चार पावलं वाजल्या आणि थांबल्या.

जनकाबाईंनी खिडकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. हळूच म्हणाल्या, "कडी लागली का?"

"ठावं न्हाई," अमृतराव म्हणाले आणि त्यांनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.